तुमच्या बाजूची मॅट

४ फेब्रुवारी

वन्संना,

नमस्कार घालायची पद्धत आहे म्हणून घालते. खुशाली विचारत नाही. तुम्ही ती कळवणार नाही, आणि कळवलीत तरी मला त्यात टोमणाच दिसेल. चौदा महिन्यांत मी तुम्हाला ओळ लिहिली नाही, तुम्ही मला लिहिली नाही, आणि दोघींचंही काही अडलं नाही. आता माझं अडलंय म्हणून लिहिते.

टेबलावरची कटिंग मॅट बदलायची आहे. माझ्या बाजूच्या मापाच्या रेघा पुसत आल्यात आणि इतक्या चरी पडल्यात की गोल पातं सरळ जायचं सोडून जुन्या चरीत घसरतं. काल अस्तराचा अख्खा पन्हा वाकडा गेला. मॅट कायम तुम्ही आणायचात. कुठून, कुठली, केवढ्या जाडीची, हे कुणाला सांगायची तुमची पद्धत नव्हती. सगळं तुमच्याकडे कुलपात. कोपऱ्यातलं कंपनीचं नाव घासून गेलंय, नाहीतर तुम्हाला विचारायची वेळ आली नसती. नाव, जाडी आणि दुकान, एवढंच कळवा. तीन ओळी पुरेत.

तुमचे बंधू पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पत्रबित्र कशाला? मॅट फिरवून घे की. ताईच्या बाजूची नवी कोरी पडलीय." त्यांना काय कळतंय त्यातलं. तुमच्या बाजूवर मी कापडाचे गठ्ठे ठेवते आणि ते तिथेच राहतील. शिवाय ती कड जरा उचलली गेलीय. एकोणीस वर्षं टेबलाच्या दारातल्या टोकाला मी आणि खिडकीतल्या टोकाला तुम्ही. उजेडही तुम्हालाच हवा, वाराही तुम्हालाच हवा. घ्या, तुमच्या त्या खिडकीतल्या उन्हानं मॅट उचलली.

दुसरं, कागदाचं. सत्तावीस तारीख ठरली आहे, ती बदलू नका. शिवणखोलीतला तुमचा निम्मा हिस्सा माझ्या नावे करायचं तुम्हीच वकिलाला कळवलंत. "आता मला दिसत नाही, मी काम सोडलं आहे," हे शब्द तुमचे आहेत. मी मागितलं नव्हतं. पण समोरून आलेलं नको म्हणण्याइतकी मी भोळी नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगत आलातच.

आणि बुटीकवाल्या बाईंसमोर मी जे बोलले त्याचा मला पश्चात्ताप होईल अशी वाट बघत असाल तर बसा बघत. चोवीस गोधड्यांची ऑर्डर होती. तुम्ही कापलेले चौकोन सगळे सूतभर कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला तुम्हीच शिकवलंत, आणि सूतभर चुकलं की उसवायलाही तुम्हीच लावलंत. सहा चौकोनांची तुमची ओळ माझ्या ओळीपेक्षा पाऊण इंच आखूड. बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, वन्संना आता दिसत नाही, त्यांच्या हातात पातं देणं म्हणजे कापडाचा सत्यानाश. मी टेप लावली, बाईंनी स्वतः वाचली. अकरा इंच सात सूत. आणि तुम्ही काय केलंत? तोच चौकोन तुमच्या बाजूच्या रेघांवर ठेवून म्हणालात, "माझ्याकडे बारा येतायत." बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. रेघसुद्धा दिसत नाही आणि तोरा पाहा, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

मॅटचं तेवढं लगेच कळवा.

तुमची भावजय


११ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "हिरवी घेऊ नकोस. हिरव्यावर हिरवं कापड दिसत नाही. बाकी तुला कळतंच." संपलं कार्ड. अक्षर केवढं काढलंय ते, एका ओळीत तीन शब्द. पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसं. आणि ते "बाकी तुला कळतंच" मी न कळण्याइतकी बावळट नाही.

मीच गेले मग अंदाजानं बटणदादाकडे, बटणं-दोरे तुम्ही तिथूनच आणायचात म्हणून. दुकान अजून तसंच आहे, बटणांच्या बरण्या आणि त्यांच्यामागे कुठेतरी बटणदादा. आत शिरते न शिरते तोच त्यानं विचारलं, "थोरल्या बाई कशा आहेत? दिसतं का थोडंफार?" मी म्हटलं, लेकीकडे मजेत आहेत, मला मॅट दाखवा.

त्यानं चार मॅट काढल्या. पहिली पातळ, वाकवली की वाकते. "ही शाळेतल्या पोरांना. कागद कापायला." दुसरी काळी, काचेसारखी गुळगुळीत. मला आवडली होती. तर म्हणतो, "दिसायला छान आहे, पण पात्याची धार आठ दिवसांत जाईल. मग मला शिव्या देत याल." तिसरी घडीची. जागा वाचते म्हणून मी हातात घेतली. त्यानं घडीवर बोट ठेवलं, "इथे पातं उडी मारणार. दर वेळी. गोधडीच्या लांब पट्ट्या कापता ना तुम्ही?" माझ्या हातातून त्यानं ती जवळजवळ काढूनच घेतली.

चौथी करडी, जाड, तीन थरांची. त्यानं माझ्यासमोर पातं फिरवलं आणि अंगठ्यानं चोळलं. काप मिटला. करड्यावर पांढरं दिसतं, काळं दिसतं, हिरवंही दिसतं. छत्तीस बाय चोवीस, आपल्या टेबलाला बेताची. ही घेते म्हटलं, तर म्हणतो, "पट्टी आणलीत?"

"कसली पट्टी?"

"पोलादी, आकड्यांची. थोरल्या बाई आणायच्या. दर मॅटच्या दर रेघेवर लावून बघायच्या, उभ्या आणि आडव्या. अर्धा अर्धा तास. मी चहा पाजायचो त्यांना. एकदा सात मॅट नापास केल्या. म्हणायच्या, आमच्याकडे कापताना पट्टी बिनआकड्यांची, नुसती पात्याला टेकू. माप सगळं मॅटचं. मॅट खोटी तर सगळं खोटं."

"छापलेली रेघ खोटी कशी असेल?" मी विचारलं.

"असते की. आणि नसली तरी होते. गाडीत उन्हात राहिली, कुणी वर गरम काही ठेवलं, की आक्रसते. वरून कळत नाही. लोक सपाट करून वापरतात आणि मग शिवणाऱ्याला बोल लावतात."

मी त्याला म्हटलं, मी मॅट घ्यायला आलेय, प्रवचन ऐकायला नाही. घेतली आणि निघाले. अजून गुंडाळलेला कागद सोडलेला नाही. हातात छत्तीस बाय चोवीसचं धूड आणि रस्त्यात प्रत्येकाला विचारायचं असतं, हे काय घेतलंत म्हणून.

सात मॅट नापास केल्यात म्हणे. घरी कधी सांगितलं नाहीत. मला वाटायचं तुम्ही दुकानात गप्पा मारत बसता आणि मी इकडे एकटी मरमर मरते. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमचं हे असंच. चांगलं केलेलं लपवायचं आणि दुसऱ्याचं चुकलेलं वेशीला टांगायचं.

सत्तावीस विसरू नका.

भावजय


१३ फेब्रुवारी

वन्सं,

दोनच दिवसांत पुन्हा पत्र बघून हुरळून जाऊ नका. एक विचारायचं राहिलं.

चौकोन कापताना तुम्ही बारा इंच कुठून धरायचात? तुमच्या कडेपासून, की माझ्या कडेपासून उलटे मोजत? सहजच विचारते. नवी मॅट जुनीवर ठेवून बघत होते, टेबलाला बसते का म्हणून, तेव्हा मनात आलं.

नवी चांगली आहे.

आणि कागदाचं लवकर उरकता आलं तर बघा. सत्तावीसपर्यंत कशाला थांबायचं? वकील मोकळेच आहेत. तुम्हालाही एकदाचं सुटल्यासारखं होईल.

उत्तर एका ओळीचं चालेल.

भावजय


२१ फेब्रुवारी

वन्सं,

सही करू नका.

आधी हे वाचा, म्हणजे बाकीचं रागानं फाडलंत तरी चालेल. चोवीसला वकिलाकडे जाऊ नका. मी इकडून त्यांना फोन केला आहे, तरीही गेलात तर ते तुम्हाला सही करू देतील. म्हणून कुरियरनं पाठवते आहे. सोबत नवी मॅट आहे. मॅट गुंडाळून पाठवायची नसते म्हणून प्लायच्या दोन फळ्यांत बांधली आहे. तुमच्या बंधूंनी बांधली. गाठी त्यांच्याच आहेत, कात्रीनं काप.

कापा, म्हणायचं होतं. तुम्हाला कधी एकेरी बोलले नाही, आजही बोलायचं नव्हतं.

तुमचं उत्तर काल आलं. "माझ्या कडेपासून. दुसऱ्याच्या बाजूला हात घालायची सवय मला नाही. चोवीसला सही करून टाकते. मशीन गेल्या महिन्यात विकलं." त्याच पाकिटात तुमच्या लेकीनं तुम्हाला नकळत चिठ्ठी घातली आहे. ती लिहिते, "मामी, आई सुईत दोरा मला ओवायला सांगते. रस्ता ओलांडताना माझा दंड धरते. दोन डॉक्टरांनी बघितलं. दोघं म्हणाले, चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही. आई म्हणते, डॉक्टर माझं मन राखतायत. वहिनीनं टेप लावून दाखवलंय, ती खोटं कशाला बोलेल?"

मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. "ती खोटं कशाला बोलेल." तुम्ही माझ्याबद्दल असं बोलता, हे मला एकोणीस वर्षांत कधी कळलं नव्हतं.

तर ऐका. नवी मॅट जुनीवर ठेवली तेव्हा माझ्या बाजूच्या कडा जुळल्या. तुमच्या बाजूच्या जुळल्या नाहीत. जुनी आत गेलेली होती. मी टेप काढली. तुमच्या कडेपासून बाराची रेघ अकरा इंच सात सुतांवर आहे. माझ्या कडेपासून बाराची रेघ बारावर आहे. त्या दिवशी आपण तिघींनी कापडाला टेप लावली. मॅटला लावायचं कुणाला सुचलं नाही. तुम्ही "माझ्याकडे बारा येतायत" म्हणालात तेव्हा तुमच्याकडे खरंच बारा येत होते. तुमचे डोळे ठीक आहेत. तुमची रेघ खोटी होती.

आणि ती उन्हानं झालेली नाही. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं ते साफ खोटं. लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही पंधरा दिवस गेला होतात. इस्त्रीचं टेबल मोडलं होतं, ऑर्डर डोक्यावर होती. मी तुमच्या बाजूवर जाड टॉवेल घातला आणि शिवणी तिथेच दाबल्या. तीन दिवस. चौथ्या दिवशी मॅट फुगली. मग मी ओलं फडकं घालून तीच इस्त्री पुन्हा फिरवली, वर मशीनची पेटी ठेवली आणि ती सपाट झाली. तुम्ही आलात, हात फिरवलात, काही बोलला नाहीत. मीही मूग गिळून बसले. तुम्ही मला फाडून खाल्लं असतंत.

आक्रसली आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण तुमचे चौकोन कमी भरायला लागले तेव्हा एकदा मनात आलं होतं, इस्त्रीचं काही असेल का. मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. टेप गळ्यातच होती. दोन पावलं चालून तुमच्या बाजूला आले असते की कळलं असतं. मी नाही आले. तुमची चूक सापडली याचा मला आनंद झाला होता, वन्सं. गिऱ्हाईक आलं की आधी "थोरल्या बाई आहेत का?" विचारायचं, तुम्ही नसाल तर उद्या येतो म्हणायचं. एकोणीस वर्षं. त्या दिवशी पहिल्यांदा बाईंनी तुमच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलायला सुरुवात केली. मी कशाला मॅट मोजेन?

तेराला लवकर सही करा म्हणून लिहिलं तेव्हा मला सगळं कळून चुकलं होतं. तेही सांगून टाकते.

नव्या मॅटवर कापून बघा. मापायला तुमचीच टेप घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. लेकीला वाचायला सांगू नका, स्वतः वाचा.

भावजय


१ मार्च

वन्सं,

सात चौकोन मिळाले. जुनी चादर असणार, दोन ठिकाणी धुण्याचा डाग आहे. सगळे मोजले. बारा, बारा, बारा, बारा, बारा, बारा, बारा. चारही बाजू. तुमचे बंधू शेजारी उभे होते. चष्मा काढून पुसत बसले.

सही केली नाहीत हे वकिलाकडून कळलं. बरं केलंत.

आता तुमच्या चिठ्ठीबद्दल. "जिथे बोललीस तिथेच सांग. जिच्यासमोर बोललीस तिच्यासमोर. टेप लावून."

नाही सांगणार.

मी तुम्हाला लिहून दिलंय. माझ्या अक्षरात, तारखेनिशी, इस्त्रीपासून सगळं. ते फ्रेम करून लेकीच्या घरात लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवा. आणखी काय हवंय तुम्हाला? बुटीकवाल्या बाई आठ तारखेला येतायत. छत्तीस गोधड्यांचं कापड घेऊन. मोसमातलं एकच मोठं काम. त्यांच्यासमोर मी उभी राहून सांगू, की बाई, चूक माझी होती, मॅट मी भाजली आणि नाव वन्संचं घेतलं? त्या कापड घेऊन उठतील. उठणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले असते. मग मी काय कापू, तुमचे बंधू?

तुम्हाला मी चारचौघांत नाक घासायला हवीय, हे आहे खरं. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतंय. लग्नाला सहा महिने झाले होते. माझी पहिली गोधडी. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि तुम्ही ती उलटी केलीत, कात्रीचं टोक घातलंत आणि कडेपासून कडेपर्यंत उसवलीत. "आमच्याकडे असं काम बाहेर जात नाही," म्हणालात. ते त्या गिऱ्हाइकाला म्हणालात, मला नाही. मी तिथेच बसले होते, हातात दोरा. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. पुढे मी बरी शिवायला लागले ते त्यामुळेच, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी बरी शिवायला लागले ते तुम्हाला पुन्हा तशी संधी मिळू नये म्हणून. तुम्ही माझी माफी कधी मागितलीत? कुणासमोर? मला तुमचा राग येतो. तेव्हा यायचा, आताही येतो. तुमचे चौकोन बारा भरले म्हणून तो कमी झालेला नाही.

आपलं आता फिटलं असं समजा. तुम्ही तुमची मॅट ठेवून घ्या. मी दुसरी आणेन.

भावजय


८ मार्च

वन्सं,

हे पत्र तुमचे बंधू घेऊन निघालेत. तुमच्या हातात देतील आणि चहा घेऊन परत येतील. त्यांना काही विचारू नका, ते सकाळी बाजारात होते, त्यांनी काही बघितलं नाही.

बुटीकवाल्या बाई अकराला आल्या. मी काही सांगणार नव्हते. हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की तुमच्या चिठ्ठीचा परिणाम झाला. मी नवी मॅट आणली होती, टेबल पुसलं होतं, जुनी मॅट भिंतीला टेकवून ठेवली होती, उद्या भंगारात द्यायची म्हणून. बाईंनी गाठोडी सोडली. निळं, करडं, विटकरी, फार सुंदर कापड आहे. मी हात फिरवून बघत होते.

बाई म्हणाल्या, "बरं झालं, त्या म्हाताऱ्या बाई गेल्या. आंधळ्या माणसाला धारेच्या पात्याशी बसवायचं म्हणजे तुमचंही धाडसच."

मी हं म्हटलं. नुसतं हं.

त्या म्हणाल्या, "इथून गेल्यावर माझ्याकडे आल्या होत्या काम मागायला. मग खालच्या दुकानात, मग पडदेवाल्याकडे. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, दया म्हणून देऊ नका, कापड वाया जाईल. शेवटी म्हणे साड्यांना फॉल लावायला तयार होत्या. तेही कुणी दिलं नाही."

वन्सं, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही रागानं लेकीकडे निघून गेलात असं मी धरून चालले होते. नाक वर करून. तुम्ही फॉल मागत फिरलात. तुम्ही, ज्यांनी सात मॅट नापास केल्या.

माझा हात त्या निळ्या कापडावर होता. तो मला उचलता येईना. मग मी उठले, जुनी मॅट आणून टेबलावर टाकली आणि गळ्यातली टेप काढून बाईंच्या हातात दिली. म्हटलं, या कडेपासून बाराच्या रेघेपर्यंत मोजा.

"कशाला?"

"मोजा तुम्ही."

त्यांनी मोजलं. "अकरा आणि... सात." मग चष्मा लावून पुन्हा मोजलं.

"आता त्या कडेपासून."

"बारा." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हणजे?"

म्हटलं, "वन्सं त्या बाजूला बसायच्या. त्यांचे डोळे गेले नव्हते. या मॅटवर मी इस्त्री केली होती, त्यांना न सांगता. त्या दिवशी तुमच्यासमोर त्यांना आंधळं म्हटलं तेव्हा माझ्या मनात शंका होती. मी मोजलं नाही."

एका दमात बोलले. दोन दमांत बोलता आलं नसतं.

बाई खुर्चीत टेकल्या. बराच वेळ त्या मॅटवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "मी हसले होते."

"हो."

"त्यांच्या तोंडावर."

त्यांनी कापड गोळा करायला घेतलं. मी मदत करू लागले तर म्हणाल्या, "राहू द्या." पण एकटीनं एवढी गाठोडी बांधणं होत नाही, म्हणून शेवटी मीही बांधली. छत्तीस गोधड्यांचं कापड. गाठ मारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "थोरल्या बाईंचा पत्ता द्या." मी माझ्या हातानं लिहून दिला. खालच्या दुकानात आणि पडदेवाल्याकडे त्या आजच जाऊन सांगणार आहेत. मी सोबत येते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. तरी मी दुपारी गेलेच. पडदेवाला दुकानात नव्हता, त्याच्या बायकोला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे तुम्हीच?" दोन्ही वेळा हो म्हटलं.

तुमच्या हिश्श्याचा कागद वकिलाकडून आणला आणि फाडला. निम्मी खोली तुमची आहे, कुलूप कधीही उघडून घ्या. तुम्ही परत या असं मी लिहीत नाही. आलात तर आपलं जमेल असं मला वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटत नसणार. मी माफी मागायला हे लिहीत नाही. मागितली तर तुम्ही द्याल अशी भीती वाटते, आणि मग मला तुमच्यावर चिडायलाही तोंड उरणार नाही.

बाई गुरुवारी तुमच्याकडे येतील. तुमचं मशीन नाही, ते त्या बघून घेतील, त्यांना सांगितलंय. मॅट तुमच्याकडे आहे. कापड फार सुंदर आहे, दारातून परत पाठवू नका. पहिला चौकोन कापताना हात थांबेल, मला माहीत आहे. लेकीला हाक मारू नका.

बाई विचारतील, "आता नीट दिसतं ना?" तेव्हा माझं नाव काढू नका, डॉक्टरांचंही नको, मॅटचंही नको. नुसतं "दिसतं" म्हणा.

भावजय